आपल्या घरची डोकेदुखी

४ जून १९८६

प्रिय ताई,

आई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आपण वर्षाला एकेक पत्र टाकतो आणि त्यात हवापाणी लिहितो. आज हवापाण्याखेरीज लिहायचं आहे, म्हणून आधी दोन कागद फाडले.

मला दिवस गेलेत. तिसरा महिना. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, म्हणजे लोकांनी विचारायचं सोडल्यावर. आनंद आहेच, पण पत्र त्यासाठी नाही. ताई, माझं डोकं दुखतं.

तू आता हसशील. हस. उजव्या डोळ्याच्या मागून सुरू होतं. आधी नजरेसमोर एक वाकडीतिकडी चमकती रेघ येते आणि समोरच्या माणसाचं अर्धं तोंड दिसेनासं होतं. परवा दुकानात एका बाईंच्या पावलाचं माप घेत होते, तर पट्टीवरचे आकडेच गायब. अंदाजानं नंबर सांगितला. बूट एवढा मोठा निघाला की बाई त्यातून चालत बाहेर आल्या. मालक म्हणाले, "दहा वर्षांत तुमचं पहिलं माप चुकलं." मग डोक्यात घण पडायला लागले. ट्यूबलाइट नको, रबराचा वास नको, मालकांचा आवाज तर मुळीच नको. मागच्या गोदामात खोक्यांच्या मध्ये जाऊन बसले आणि तिथेच उलटी झाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धशिशी आहे, काहींना या दिवसांत सुरू होते, तापाची साधी गोळी घ्या, बाकी मनानं काही घेऊ नका. त्या गोळीला डोकं दाद देत नाही. आमचे हे महिन्यातले वीस दिवस जमीन मोजायला बाहेरगावी. घरात दोघंही मापं काढणारे, आणि घरी कोण तर मी एकटी.

वयाच्या सोळाव्या वर्षापासून तू हे सोसते आहेस आणि आम्ही तुला पडदेवाली म्हणायचो. तू काय करायचीस ते मला सांग. बाकी जे सुनवायचं ते सुनव, मी ऐकून घेईन.

तुझी,
बारकी


१९ जून

बारके,

हसले. खोटं कशाला बोलू. स्टुडिओच्या अंधारखोलीत लाल दिव्याखाली तुझं पत्र वाचलं. हसण्याच्या नादात एका नवरा-नवरीचा प्रिंट पाण्यात जास्त वेळ राहिला. हे काम मी का धरलं माहीत आहे ना? दिवसभर अंधारात राहिलं तरी कुणी नाटकी म्हणत नाही, अशी ही एकच नोकरी मला सापडली. औषधांचा वास सोसते, उजेड नाही सोसत.

पडदेवाली म्हणायचात, बरोबर. पण तुझा सगळ्यात गाजलेला प्रयोग तू विसरलीस. मी बावीसची, तू तेराची. माझं लग्न ठरलेलं. तो आणि त्याची आई चहाला आले होते. तू डोक्याला टॉवेल बांधून कोचावर आडवी झालीस आणि कण्हायला लागलीस, "पडदा लावा गं, चमचा वाजवू नका गं." हुबेहूब. आई हसली, तो हसला, मीही हसले, दुसरं करणार काय. त्याच्या आईनं हसता हसता विचारलं, "असं महिन्यातून कितीदा होतं?" तू बोटांवर मोजून सांगितलंस. पंधरा दिवसांनी चार ओळींचं पत्र आलं. आईनं ते वाचलं आणि फाडलं.

आता उपाय. उपाशी राहू नकोस, भूक लागायच्या आधी खा. झोपायची आणि उठायची वेळ एकच, सुटीच्या दिवशीसुद्धा. रेघ दिसली की हातातलं काम टाक. मी तेवढ्या वीस मिनिटांत काम उरकायला बघायचे आणि तिथेच फसायचे. गोळी रेघेच्या वेळीच घे, घण पडायला लागल्यावर घेतलेली वाया जाते. अंधार, कपाळावर गार कापड, पाय कोमट पाण्यात, मानेखाली उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी. माझ्या गोळ्या मागू नकोस. पोटात मूल असताना त्या चालत नाहीत, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला मी विचारून घेतलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला सांगत बसू नकोस. नवऱ्याला नाही, मालकाला नाही. दवाखान्यात एकदा सांगितलंस तेवढं पुरे. दुसऱ्यांदा सांगितलं की लोक घड्याळाकडे बघतात, तिसऱ्यांदा सांगितलं की नाव ठेवतात. हे शिकायला मला एक लग्न लागलं.

ताई


२८ जुलै

प्रिय ताई,

तुझे उपाय लागू पडले. आठवड्याला दोनदा यायचं ते डोकं आता पंधरा दिवसांत एकदा येतं, आणि आलं तरी अंधारात पडून राहिलं की संध्याकाळपर्यंत उतरतं. पाचव्या महिन्यात बऱ्याच जणींचं कमी होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मात्र श्रेय तुलाच दिलं. मनात दिलं, कारण कुणाला सांगायचं नाही ना. नर्स दर वेळी विचारते, "काही त्रास?" मी म्हणते, "काही नाही." ती खूश होते आणि पुढचं नाव पुकारते. यांनी एकदा विचारलं, दुपारी पडदे का लावलेस. म्हटलं, ऊन येतं. म्हणाले, हल्ली तुला तुझ्या ताईसारखं व्हायला लागलंय.

त्या टॉवेलच्या नकलेबद्दल मी कधी माफी मागितली नाही. आता मागते. तेव्हा मला ती गंमत वाटली होती. खोक्यांमध्ये डोकं धरून बसले होते त्या दिवशी कळलं की मी कशाची नक्कल केली होती.

बाळंतपणाला येशील? सासूबाई थोरल्या दिरांकडे असतात, त्यांच्याच्यानं होत नाही. आई असती तर आली असती. आता तूच आहेस.

बारकी


१७ ऑगस्ट

बारके,

माफी पोचली. पंधरा वर्षांनी का होईना, तुझं डोकं दुखलं म्हणून का होईना. तुझं दुखलं नसतं तर आली असती का, एवढंच विचारते.

यायचं मात्र जमणार नाही. स्टुडिओत माझ्या जागी कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला यायचं नाही. तुझ्या घरात तुझं मूल मांडीवर घेऊन, शेजारणींनी "तुम्हाला किती मुलं?" विचारायचं आणि मी हसायचं, एवढी मी अजून चांगली झालेली नाही.

एक फोटो काढून पाठव पोटासकट. पत्रात माणसं काहीही लिहितात. फोटो मला वाचता येतो.

ताई


५ सप्टेंबर

ताई,

यायचं नसेल तर नको येऊस. पाय धरून बोलवायला तू काही एकटी बाई नाहीस जगात.

ते लग्न माझ्या नकलेनं मोडलं, हे तू पंधरा वर्षं उराशी धरून बसली आहेस. त्या चार ओळींत काय होतं ते आईनं मला सांगितलं होतं. डोक्याचं नावसुद्धा नव्हतं त्यात. "मुलगी तोंडाची फार तिखट आहे," असं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून आईनं ते फाडलं, आणि तू खुशाल माझ्या नावावर टाकलंस.

फोटो वगैरे काही पाठवत नाही.


१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येणारही नाही असं वाटलं, म्हणून मीच लिहिते. मागच्या पत्रात लिहिलं ते मी रागानं रचलं होतं. आईनं मला कधीच काही सांगितलं नाही. त्या पत्रात काय होतं मला माहीत नाही. तुला जे वाटतं तेच असेल. फार वाईट वागले मी, ताई. ते पत्र पेटीत टाकलं आणि परत काढता येईना म्हणून पेटीशी उभी राहून रडले.

फोटो सोबत आहे, यांनी मागच्या रविवारी काढला. तोंड बघून हसू नकोस, खाऊन खाऊन फुगले आहे.

आता एक विचारायचं आहे. डोकं परत आलंय, पण या वेळचं वेगळं वाटतं. रेघ नाही. एक बाजू नाही. सगळंच दुखतं, घट्ट टोपी घातल्यासारखं, आणि आज चार दिवस झाले, उतरतच नाही. तू सांगितलेलं सगळं केलं. अंधार, गार कापड, गोळी. मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. उजव्या बरगडीखाली टोचतं, ते जेवण पचत नसेल. पायांची तर गंमतच आहे. माझा पाच नंबर ना? मंगळवारी सहाचा बूट घातला, आज सातातही टाच बसत नाही. मालक म्हणतात, नोकरीला लागल्यापासून सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुम्हीच. अंगठी साबण लावूनही निघत नाही.

दवाखान्याची तारीख वीसची आहे. त्याआधी जाऊ का? गेले तर सांगू काय, डोकं दुखतं? गेले तीन महिने "काही नाही" म्हणते आहे. हे आत्ताच फिरतीवर गेलेत. तुझ्याइतकं हे दुखणं कुणाला कळत नाही, म्हणून तुला विचारते. हे आपल्या घरचंच आहे ना? तू जा म्हणालीस तर त्याच दिवशी जाईन.

उत्तराची वाट बघते.

बारकी


तार
१६ ऑक्टोबर

ताबडतोब दवाखान्यात जा. हे आपलं डोकं नाही. मी निघाले. ताई


१२ डिसेंबर

बारके,

मी तुझ्याकडून परतून महिना झाला. तिथे असताना सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, आणि आता ते घेऊन मला कामाला बसवत नाही.

तुझं पत्र उशिरा मिळालं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला सांगितलं, जावईबापूंना सांगितलं. ते खोटं आहे. पत्र चार ऑक्टोबरला मिळालं. तुझं अक्षर बघितलं, पाकीट चांगलं जाड लागलं, म्हटलं आणखी शिव्या घातल्या असतील, आणि कपाटावर ठेवून दिलं. "तोंडाची तिखट" डोक्यात भिनलं होतं. रोज कपाट उघडताना ते दिसायचं आणि मला बरं वाटायचं, की बस वाट बघत.

बारा दिवस.

सोळा तारखेला उघडलं तेही राग गेला म्हणून नाही. मला तुला द्यायला एक उत्तर सुचलं होतं, चांगलं झोंबणारं. ते लिहायच्या आधी तू काय लिहिलंयस ते बघावं म्हणून फोडलं. आधी फोटो हातात आला. वीस वर्षं मी लोकांचे चेहरे धुते. खाऊन आलेलं तोंड कसं असतं ते मला कळतं. तुझ्या डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. मग पत्र वाचलं आणि तशीच औषधवाल्याकडे गेले. बरगडीपर्यंत वाचून तो म्हणाला, "बाई, आधी तार करा." तोवर तू आदल्या दिवशीच गोदामात कोसळली होतीस.

मी पोचले तेव्हा डॉक्टरबाई जावईबापूंना सांगत होत्या, रक्तदाब फार चढला होता म्हणून झटके आले, आठवडाभर आधी जरी आणलं असतं तर वेगळं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरात कुणाला काही कळलं नाही?" मी म्हणाले, टपाल उशिरा आलं. ते वाक्य मला आधी जुळवावंसुद्धा लागलं नाही.

कुणाला सांगू नकोस हेही मीच सांगितलं होतं. ते मी तुझ्या भल्यासाठी सांगितलं असं आत्तापर्यंत मानत होते. आता वाटतं, मी एकटीनं सोसलं तसं तूही एकटीनं सोसावंस, असं माझ्या मनात असणार.

क्षमा मागत नाही. तू काय ते लिही.

ताई


२ जानेवारी १९८७

ताई,

तुझं पत्र यांना दाखवलं. ते उठले आणि आपल्या नकाशांच्या पेटीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. फोटो होता म्हणून ते पत्र मी रजिस्टर केलं होतं, आणि तू टपालाचं सांगितलंस तेव्हा यांनी टपालखात्याकडे तक्रार केली होती. त्याचं उत्तर नोव्हेंबरातच आलं होतं. "सदर पत्र चार तारखेला पोचते केले आहे." यांनी ते मला दाखवलं नव्हतं. म्हणाले, तुझं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

डॉक्टरबाईंनी मलाही विचारलं, डोकं किती दिवस दुखत होतं. म्हटलं, अठरा. "मग आला का नाहीत?" म्हटलं, ताईच्या पत्राची वाट बघत होते. त्या लिहायच्या थांबल्या. दवाखाना आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. सात तारखेला दारात बसून होते, आठला बसून होते, दहाला दुसरं पत्र लिहायला घेतलं तर अक्षरं पोहायला लागली. मी स्वतः गेले नाही, ते माझं मी भोगते. ते तुझ्यावर टाकत नाही.

पण नक्कल केली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पाकीट ठेवलंस तेव्हा तू सदतीस वर्षांची होतीस.

एकच मागते. माझी मुलगी दोन दिवस होती आणि मला शुद्ध नव्हती. यांना विचारलं की हे बाहेर निघून जातात. तू तिला पाहिलंस. कशी होती ते लिही, काही न लपवता. तेवढं एक पत्र मी घेईन. त्यानंतर लिहू नकोस.


६ जानेवारी

बारके,

मी सतरा तारखेला दुपारी पोचले. नर्सनं मला काचेच्या पेटीपाशी नेलं. ती माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत भरेल एवढी होती. केस काळे, भरपूर, कपाळावर उतरलेले. कान आईचे, वरून थोडे दुमडलेले. नाक तुझं. उजवा हात मुठीत मिटलेला आणि डाव्या हाताची बोटं उघडी, लांब. नखं पुरी आली नव्हती. रडली नाही. एकदा जांभई दिली, ती अगदी मोठ्या माणसासारखी होती.

पेटीवर दिवा होता. तो थेट तिच्या डोळ्यांवर येत होता म्हणून मी नर्सला सांगितलं, तर तिनं माझ्या हातात एक घडी केलेलं फडकं दिलं. मी ते धरून उभी राहिले, तिच्या तोंडावर सावली पडेल असं. साडेतीनपासून पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती तोपर्यंत. मग नर्स म्हणाली, आता नका धरू.

फोटो काढला नाही. स्टुडिओतली असून मला सुचलं नाही.

ताई


९ नोव्हेंबर १९८८

ती. ताईंस,

साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्याच्या बावीस तारखेला आम्हाला मुलगी झाली. दिवस पुरे भरले. मुलगी आणि तिची आई दोघीही बऱ्या आहेत.

या वेळीही तिसऱ्या महिन्यात तिचं डोकं सुरू झालं होतं. ती दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन बसायची आणि सगळं सांगायची, दुखलं तर दुखलं म्हणून, नाही दुखलं तर नाही म्हणून. नर्सनी तिला नाव ठेवलं होतं. ते तिच्या कानावर आलं तरी तिनं जाणं सोडलं नाही. मालकांनी दुकानात तिच्यासाठी एका खिडकीला जाड पडदा लावून दिला. मी फिरती बदलून घेतली.

तुम्हाला कळवायचं नाही असं तिनं मला बजावून सांगितलं आहे. मी हे तिला न विचारता, कामाच्या ठिकाणाहून लिहितो आहे. तुम्हाला माहीत असावं असं मला वाटलं, एवढंच.

कृपा करून उत्तर पाठवू नये. घरचं टपाल तीच घेते, आणि आलेलं पाकीट दारातच, उभ्या उभ्या फोडते.

आपला,
धाकटा मेहुणा